यंत्रानं चौकोन काढला, डॉक्टर म्हणतात काही नाही

पत्र: मी ५१ वर्षांची आहे. त्रास काहीच नव्हता, वय झालं म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतली. रिपोर्टवर 'बायरॅड्स २, नेहमीच्या मुदतीनं पुन्हा तपासणी' असं लिहिलंय. पण सोबत जोडलेल्या एका पानावर डाव्या बाजूच्या चित्रात एक छोटा चौकोन आहे आणि तळाला बारीक अक्षरात 'एआयच्या साहाय्यानं विश्लेषण' अशी ओळ. रेडिओलॉजिस्ट बाई दोन मिनिटं भेटल्या. "त्यात काही नाही, काळजी करू नका," म्हणाल्या. माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं मला न विचारता त्या पानाचे फोटो काढून चॅटबॉटला दाखवले. चॅटबॉट म्हणाला, बायोप्सीबद्दल डॉक्टरांशी बोला. मुलाचं म्हणणं, यंत्र थकत नाही, ते कुणाची बाजू घेत नाही, लाखो चित्रं बघून शिकलंय. एका बाईंच्या दोन मिनिटांवर काय विसंबायचं? यजमान म्हणतात, डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मुलगी वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला रेडिओलॉजी घ्यायची आहे. भाऊ तिला सांगतो, ती शाखाच उरणार नाही. या तिघांच्या वादात माझी झोप उडाली आहे. कुणाचं ऐकू? आणि पुढच्या भेटीला मुलाला सोबत नेऊ का?
– एक वाचक

ताई,

आधी झोपेचं बघू, वादाला नंतर वेळ आहे.

मॅमोग्राफीचे रिपोर्ट बऱ्याच देशांत याच बायरॅड्स मोजपट्टीवर लिहितात. तिच्यात शून्य ते सहा असे आकडे आहेत. शून्य म्हणजे एवढ्या चित्रांवरून ठरवता येत नाही, आणखी तपासण्या करा. एक म्हणजे नोंद घेण्यासारखं काही नाही. दोन म्हणजे काहीतरी दिसलं, ते काय आहे हे ओळखता आलं आणि ते निरुपद्रवी आहे. तीन म्हणजे जवळजवळ नक्की निरुपद्रवी, कर्करोग निघायची शक्यता दोन टक्क्यांच्या वर नाही, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू. बायोप्सीची, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासण्याची, भाषा चारपासून सुरू होते. तुमचा आकडा दोन आहे. डॉक्टरबाई तोंडानं 'काही नाही' म्हणाल्या असतील, पण कागदावर त्यांनी बहुधा 'काहीतरी आहे आणि ते काय आहे हे मला कळलंय' असं लिहिलंय. या दोन वाक्यांत बराच फरक आहे. तुमची झोप उडाली ती त्या फरकानं, असा माझा तर्क आहे. रिपोर्टचा मधला मजकूर पुन्हा वाचा. जे दिसलं त्याचं नाव तिथं सापडायला हवं.

मी फिजिशियन आहे, रेडिओलॉजिस्ट नाही, आणि तुमची चित्रं मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे 'चौकोन विसरून जा' असं मी म्हणणार नाही. चॅटबॉटनं सांगितलं म्हणून बायोप्सीच्या रांगेत उभ्या राहू नका, एवढं मात्र ठामपणे सांगतो. याला एक अपवाद आहे. हाताला गाठ लागत असेल, कातडी ओढल्यासारखी किंवा खळी पडल्यासारखी दिसत असेल, स्तनाग्रातून रक्ताचा अंश येत असेल, तर यंत्र काय म्हणालं आणि रिपोर्टचा आकडा काय हे बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा. मॅमोग्राफीत काही न दिसताही गाठ असू शकते.

आता चौकोनाकडे येऊ. दर बाजूची दोन, अशी एकूण चार चित्रं काढली जातात: एक वरून, एक तिरकं. प्रोग्राम ती चारही चाळतो आणि त्याला जिथं संशय येतो तिथं खूण करतो. संशय यायला फार काही लागत नाही. वयानं चुना साचलेली एखादी रक्तवाहिनी, कातडीवरचा तीळ, काखेजवळची साधी लसीकाग्रंथी, किंवा एकमेकांवर आलेले ऊतींचे दोन थर, यातलं काहीही पुरतं. रेडिओलॉजिस्ट तीच जागा दुसऱ्या कोनातून बघतात. थर एकमेकांवर आल्यानं डाग दिसला असेल तर दुसऱ्या चित्रात तो विरून जातो. मग जुनी फिल्म असेल तर तिच्याशी ताडून बघतात. पाच वर्षांपूर्वी तिथंच, तेवढंच, तसंच काही असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. हे काम सरावलेल्या डोळ्याला थोड्या वेळात जमतं. म्हणून दोन मिनिटांत 'काही नाही' म्हणणं म्हणजे दोन मिनिटंच पाहिलं असं नव्हे. पाहण्यात किती वेळ गेला ते तुम्हाला दिसलं नाही, बोलण्यात किती गेला तेवढं दिसलं. बोलण्यात हात आखडता घेतला, ही तक्रार मात्र मला पटते. पेशंटच्या हातात चौकोन काढलेलं पान द्यायचं आणि चौकोनाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे बरोबर नाही.

मुलाला एक हिशेब दाखवा, तो त्याला आवडेल. स्वीडनमध्ये मसाई नावाचा एक मोठा अभ्यास झाला. ८० हजारांहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची चित्रं तिथल्या रिवाजाप्रमाणे दोन-दोन रेडिओलॉजिस्टनी वाचली. दुसऱ्या गटात प्रोग्रामनं आधी जोखमीचा आकडा दिला. जास्त जोखमीची चित्रं दोघांकडे गेली, बाकीची एकाकडेच. २०२३ साली पहिले निष्कर्ष आले. प्रोग्रामच्या गटात २४४ कर्करोग सापडले, दुसऱ्यात २०३, आणि वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. ही खरीच मोठी गोष्ट आहे. यंत्राच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांनी (तुमच्या यजमानांनीसुद्धा) हे आकडे नीट बघावेत.

आता त्याच आकड्यांची दुसरी बाजू. प्रोग्रामच्या गटातसुद्धा कर्करोग सापडले ते हजारी सहा. समजा एखादा प्रोग्राम हजारातल्या पन्नास जणींच्या चित्रांवर चौकोन काढतो. पन्नास हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतला आहे. त्यानं ते सहाच्या सहा कर्करोग पकडले असं धरलं, तरी उरलेल्या चव्वेचाळीस चौकोनांत काहीच निघणार नाही. यंत्र उत्तम असूनही हे होणार, कारण आजार मुळात विरळ आहे. तुमच्या पानावरचा चौकोन या ढिगातला आहे. तो त्या सहातला की चव्वेचाळीसातला, हे चौकोनाला माहीत नसतं. ते ठरवायला कुणीतरी दुसऱ्या कोनातलं चित्र आणि जुनी फिल्म काढून बघावी लागते.

आणि असं यंत्र हे काही पहिलंच नाही. मॅमोग्राफीवर खुणा करणाऱ्या संगणकीय प्रणालीला अमेरिकेत १९९८ मध्येच मान्यता मिळाली होती. पुढच्या दशकात तिथल्या बहुतेक मॅमोग्राफी तिच्या साथीनं वाचल्या जाऊ लागल्या. मग २००७ मध्ये ४३ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायोप्सी जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि कर्करोग शोधण्यात ठळक फायदा काही दिसला नव्हता. त्या वाढीव सुया ज्यांना टोचल्या त्यांनी रात्री कशा काढल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही. आजचे प्रोग्राम त्या पिढीपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहेत. तेव्हा काय शोधायचं हे माणसं शिकवत होती, आता प्रोग्राम चित्रांतून स्वतःच शिकतो. पण यंत्र बाजारात आलं आणि ते उपयोगाचं आहे हे सिद्ध झालं, या दोन घटनांमध्ये बरीच वर्षं जाऊ शकतात. त्या मधल्या वर्षांत तुमच्या-माझ्यासारख्यांची तपासणी चालूच असते.

'लाखो चित्रं बघून शिकलंय' हे खरं. पण काय शिकलंय? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं एक प्रारूप (एआय मॉडेल) तपासलं. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे, हे ते प्रारूप जवळजवळ न चुकता ओळखत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे पेशंट जास्त, दुसऱ्यात कमी. मग फुप्फुसापेक्षा रुग्णालय ओळखणं सोपं. उठता न येणाऱ्या पेशंटचा एक्स-रे फिरत्या यंत्रानं खाटेवरच काढतात, त्या चित्रातल्या खुणाही त्याच्या कामी येत होत्या. बाहेरच्या रुग्णालयातली चित्रं दिल्यावर त्याची हुशारी बरीच उतरली. यात लबाडी कुणाचीच नव्हती. जे समोर ठेवलं त्यातून सगळ्यात सोपी वाट त्यानं शोधली.

'ते कुणाची बाजू घेत नाही' हे तर मला अजिबात मान्य नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेत कोट्यवधी लोकांसाठी वापरात असलेल्या अशा अल्गोरिदमची ती चिकित्सा होती. कुणाला जास्तीच्या देखभालीची गरज आहे हे तो ठरवायचा. आजारपण थेट मोजणं अवघड, म्हणून त्यानं उपचारांवरचा खर्च मोजला. ज्याच्यावर जास्त खर्च होणार तो जास्त आजारी, असं साधं गणित. पण कृष्णवर्णीय पेशंटवर, तेवढंच आजारपण असतानाही, खर्च कमी होत आला होता, कारण त्यांना दवाखान्यापर्यंत पोचणंच कठीण होतं. परिणाम असा की अल्गोरिदमकडून तेवढाच गुण मिळालेले कृष्णवर्णीय पेशंट प्रत्यक्षात जास्त आजारी होते. ही चूक दुरुस्त केली तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांमध्ये त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. अल्गोरिदमला वंशाची माहिती दिलेलीसुद्धा नव्हती. समाजातला जुना अन्याय खर्चाच्या रकान्यातून आत शिरला आणि आकडा होऊन बाहेर आला. माणसाचा पूर्वग्रह निदान त्याच्या बोलण्यातून जाणवतो. आकड्यातला पूर्वग्रह शोधायला शोधनिबंध लिहावा लागतो.

म्हणून रुग्णालयाला विचारण्यासारखा प्रश्न हा: हा प्रोग्राम कुणाच्या चित्रांवर तपासला गेलाय? स्तनाच्या ऊतींची घनता वयाप्रमाणे बदलते, वंशाप्रमाणे बदलते. चित्र काढणारं यंत्र कुठल्या कंपनीचं यानंही चित्राचा पोत बदलतो. स्वीडनमधला निकाल स्वीडनमधल्या स्त्रियांचा आहे. तुमच्या रुग्णालयानं स्वतःच्या पेशंटवर प्रोग्राम ताडून पाहिला असेल तर ते अभिमानानं सांगतील. नसेल तर उत्तर देताना अडखळतील, आणि त्यातूनही तुम्हाला पुरेसं कळेल.

चॅटबॉटबद्दल मी थोडक्यातच बोलेन, कारण तिथं घोळ उघड आहे. मॅमोग्राफी वाचायला जे पडदे वापरतात ते खास असतात, राखाडी रंगाच्या बारीक-बारीक छटा दाखवणारे. चिरंजीवांनी काय दाखवलं? कागदावर छापलेल्या चित्राचा फोनवरून काढलेला फोटो. तोही चौकोनासकट! संशयाची खूण आधीच काढलेलं चित्र पुढे करून 'यात संशयास्पद काय आहे' असं विचारलं, तर उत्तर काय येणार? त्याच चॅटबॉटला त्याच चित्रासोबत 'माझ्या डॉक्टरांनी बायरॅड्स २ लिहिलंय, ते बरोबर आहे ना?' असं विचारून बघा म्हणावं. बहुधा तो तितक्याच आत्मविश्वासानं धीरही देईल.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी याचा अभ्यास केला आहे. १,२९८ जणांना आजाराचे काल्पनिक प्रसंग दिले आणि काय झालं असेल, पुढे काय करावं, हे ठरवायला सांगितलं. सगळी माहिती थेट दिली तेव्हा चॅटबॉटमागची प्रारूपं जवळजवळ ९५ टक्के प्रसंगांत आजार ओळखत होती. तीच प्रारूपं सामान्य माणसांनी वापरली तेव्हा योग्य आजारापर्यंत पोचण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली गेलं. ज्यांनी चॅटबॉट न वापरता आपल्या नेहमीच्या मार्गानं शोध घेतला, त्यांच्यापेक्षा ही मंडळी सरस ठरली नाहीत. ज्ञान होतं, पण माणसाला काय सांगायचं हे कळलं नाही आणि यंत्राला काय विचारायचं हे सुचलं नाही. डॉक्टरकीचं निम्मं काम तेवढंच असतं.

आता यजमानांची बाजू. 'डॉक्टरांचा शब्द शेवटचा' हे मलाही ऐकायला गोड वाटतं, धंदाच आहे माझा. पण यंत्र शेजारी बसलं की डॉक्टरांचा शब्द किती डॉक्टरांचा राहतो? २०२३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी २७ रेडिओलॉजिस्टना पन्नास मॅमोग्राफी वाचायला दिल्या आणि सोबत 'एआयचं मत' दिलं. काही ठिकाणी ते मत मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. मत बरोबर होतं तिथं नवख्यांची उत्तरं सुमारे ८० टक्के बरोबर आली. मत चुकीचं होतं तिथं २० टक्क्यांच्या खाली. अनुभवाची पंधरा-पंधरा वर्षं गाठीशी असलेलेसुद्धा ८२ वरून ४५च्या आसपास घसरले. यंत्रानं एकदा बोट दाखवलं की तिकडे न बघणं माणसाला जड जातं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरबाईंनी चौकोन दिसत असूनही 'दोन' लिहिलं, याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. यंत्राला नाही म्हणायला हो म्हणण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

या हिंमतीची किंमत कुणी मोजायची, हे मात्र अजून धड ठरलेलं नाही आणि घोडं तिथंच पेंड खातंय. रिपोर्टखाली सही डॉक्टरांची असते. प्रोग्राम बनवणारे म्हणतात, आमचं फक्त साहाय्य. रुग्णालय म्हणतं, निर्णय डॉक्टरांचा. उद्या त्या चौकोनात खरंच काही निघालं, तर 'यंत्र सांगत होतं आणि तुम्ही ऐकलं नाही' हा पुरावा कायमचा नोंदीत राहणार. उलट यंत्राचं ऐकून शंभर जणींना उगाच सुया टोचल्या, तर कुणी जाब विचारणार नाही. अशा वेळी डॉक्टर हळूहळू कुठल्या बाजूला झुकतील, हे सांगायला ज्योतिषी नको. माझी खरी काळजी ही आहे. यंत्र डॉक्टरांची जागा घेईल याची मला फारशी भीती वाटत नाही. डॉक्टर जागेवरच बसलेले असतील, सहीही करत असतील, आणि पाहणं मात्र थांबलेलं असेल, याची वाटते.

त्यामुळे तुम्ही 'यंत्र खरं की डॉक्टर खरे' असं विचारू नका. 'हे उत्तर कुणी स्वतः पाहून दिलंय, आणि ते चुकलं तर कोण माझ्यासमोर उभं राहील' असं विचारा. डॉक्टरबाईंचं नाव रिपोर्टवर आहे. त्यांना गाठता येतं, प्रश्न करता येतो. चॅटबॉटची खिडकी बंद केली की त्याची जबाबदारी संपली.

मुलाबद्दल एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. काळजीपोटी केलं असेल, तरी आईच्या शरीराची चित्रं तिला न विचारता बाहेर पाठवायची नसतात. त्या पानावर तुमचं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक असणार. नाव खोडलं तरी फार काही लपत नाही. १९९०च्या दशकात लतान्या स्वीनी या संशोधिकेनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 'नावं काढून' दिलेल्या आरोग्य नोंदी मतदारयादीशी ताडल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून तिनं खुद्द गव्हर्नरांची नोंद हुडकून काढली होती. ब्रिटनमध्ये एका रुग्णालयसमूहानं सोळा लाख पेशंटचा तपशील गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीला दिला. मूत्रपिंडाच्या आजाराची सूचना देणारं ॲप बनवायचं होतं, हेतू चांगलाच होता. तरी २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी निर्णय दिला की हे देणं कायद्याला धरून नव्हतं, पेशंटना पुरेशी कल्पना दिली नव्हती. हेतू चांगला असला की विचारायची गरज नाही असं वाटतं. घरातही तसंच होतं.

आज त्याला दोन कामं सांगा. ते संभाषण पुसून टाकायचं, आणि आपला मजकूर प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी वापरू देणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. पुसलं म्हणजे सगळीकडून गेलं याची हमी नाही, पण करायचं. आणि इथून पुढे तुमचा कुठलाही कागद विचारल्याशिवाय कुठंही जाणार नाही, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

विचारण्याचा हाच नियम रुग्णालयालाही लावा. तपासणीआधी तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की चित्रं प्रोग्रामही वाचणार आहे? तळाच्या बारीक अक्षरांतली ओळ म्हणजे सांगणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी सहा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच माणसाच्या स्वतःच्या निर्णयाधिकाराचं आहे. युरोपीय संघाचा एआयविषयीचा कायदाही ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. कायदे होतील तेव्हा होतील. पेशंटनं विचारायला कायदा लागत नाही.

हे वाचून मी यंत्रांच्या विरोधात आहे असं चिरंजीवांनी समजू नये. जिथं चित्र वाचणारं कुणीच नाही, तिथलं गणित निराळं असतं. त्याच वर्षी, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या क्षयरोग-चाळणीसाठी छातीचा एक्स-रे माणसाऐवजी प्रोग्रामनं वाचला तरी चालेल, अशी शिफारस केली. संशय आला तर पुढे थुंकीची तपासणी आहेच. रेडिओलॉजिस्ट शेकडो मैल दूर असेल, तर हे वरदानच आहे. पण तिथंही जमिनीवर पाय ठेवावे लागतात. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारा गूगलचा प्रोग्राम प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या तोडीचा होता. थायलंडच्या अकरा आरोग्यकेंद्रांत नेला, तर परिचारिकांनी काढलेल्या फोटोंपैकी पाचातल्या एकाहून जास्त त्यानं 'दर्जा पुरेसा नाही' म्हणून परत केले. खोलीत उजेड नको तेवढा, इंटरनेट रखडत चाललेलं, बाहेर रांग. पेशंटला सांगावं लागायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात जा. माझी शंका पुढची आहे. ज्यांना परवडतं त्यांना यंत्र आणि माणूस दोन्ही मिळतील, ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याला नुसतं यंत्र येईल, आणि यालाच आपण प्रगती म्हणू.

मुलीचा प्रश्न सोपा आहे. एआयच्या पायाभूत संशोधकांपैकी एक असलेल्या जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवलं पाहिजे, पाच वर्षांत यंत्रं त्यांना मागे टाकतील. पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि रेडिओलॉजिस्टचा तुटवडा आहे तसाच आहे. माणूस थोर असला तरी दुसऱ्याच्या धंद्याचं भविष्य सांगताना चुकतो. तिला ती शाखा आवडत असेल तर तिनं खुशाल घ्यावी.

एक गोष्ट मात्र तिनं आधीच पाहून ठेवावी. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बीण-तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी दाखवून देणारा एआय त्यांच्या हाताशी आला, आणि त्यानंतर तो न वापरता केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. अभ्यास निरीक्षणाचा आहे, कारण हेच असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरी अनुभवी हातांचं असं होत असेल, तर ज्यांचा डोळा अजून तयारच व्हायचाय त्यांचं काय? म्हणून प्रशिक्षणाची जागा निवडताना तिनं तिथल्या वरिष्ठांना विचारावं: आम्ही चित्र आधी स्वतः वाचून मत लिहायचं आणि मग यंत्राच्या खुणा उघडायच्या, अशी पद्धत आहे का? जिथं खुणा आधीपासूनच पडद्यावर असतात, तिथं ती खुणा तपासायला शिकेल. चित्र वाचायला शिकेलच असं नाही.

आता तुमची पुढची भेट. ती वर्ष-दोन वर्षांनी नको, येत्या आठवड्या-दोन आठवड्यांतली घ्या. फोन करून सांगा की रिपोर्ट समजून घ्यायचा आहे, दहा मिनिटं हवीत. जुनी मॅमोग्राफी कुठंही झाली असेल तर ती घेऊन जा. नव्या चित्रांची मूळ प्रत सीडीवर किंवा लिंकवर मागून घ्या, कागदावरची छापील नको. डॉक्टरबाईंना पडद्यावर चित्र उघडायला सांगा आणि विचारा: या चौकोनात तुम्हाला काय दिसतंय? दुसऱ्या कोनातून ते कसं दिसतं? पूर्वी होतं का? तुम्ही चित्र आधी पाहिलं की यंत्राची खूण आधी?

'ही चुना साचलेली रक्तवाहिनी आहे, ही बघा दोन्ही चित्रांत अशी जाते' असं काही उत्तर मिळालं, म्हणजे बोट ठेवून दाखवलेलं, तर घरी येऊन झोपा. 'मशीन काय, काहीही दाखवतं' एवढंच मिळालं तर ते पुरेसं नाही. भांडू नका. 'मूळ चित्रं दुसऱ्या स्तनतज्ज्ञ रेडिओलॉजिस्टना दाखवली तर चालेल ना?' असं सरळ विचारा आणि दाखवा. गरज वाटली तर ते त्या जागेची सोनोग्राफी सुचवतील. दुसरं मत मागण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर ते मनाला लावून घेत नाहीत.

आणि हो, मुलाला न्या. त्याला घरी ठेवलंत तर तो पुन्हा चॅटबॉट उघडून बसेल. फक्त आधी ठरवून घ्या की प्रश्न तुम्ही विचारायचे आणि त्यानं उत्तरं कागदावर लिहून घ्यायची. त्याला स्वतःला काही विचारायचं असेल तर शेवटी, तुम्ही परवानगी दिल्यावर. यजमानांनाही यायचं असेल तर तेही येऊ देत, पण डॉक्टरांच्या खोलीत तुमच्यासोबत दोघांपैकी एकच.